बिनशुल्क पदवीचा जमाखर्च

बारावीचा निकाल लागून जून महिना उजाडला की तालुक्याच्या गावातील कॉलेजच्या कचेरीत एक दृश्य दरवर्षी पाहावयास मिळते. अर्ज आता संगणकावर भरले जातात. तरीही कागदपत्रांची पिशवी काखेत मारून आलेला शेतकरी किंवा शेतमजूर बाप कारकुनासमोर उभा राहतो आणि शुल्काचा आकडा विचारण्याआधी दुसराच प्रश्न करतो : ‘आर्ट्‌सला घातले तर पुढे काय?’ कारकुनापाशी या प्रश्नाचे उत्तर नसते. प्राध्यापकांपाशी असते, पण ते देताना त्यांचाही आवाज थोडा खाली येतो. इतिहास, तत्त्वज्ञान, भाषा, अर्थशास्त्र हे विषय ज्याच्या घरी दोन वेळच्या जेवणाची भ्रांत नाही त्याने शिकावेत. गरिबाच्या मुलाने चार पैसे लवकर हाती येतील असे काहीतरी पाहावे, ही समजूत समाजात आता पक्की झाली आहे.

सरकारी धोरण या समजुतीच्या उलट बोलते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बहुविद्याशाखीय व उदार शिक्षणाचा हिरिरीने पुरस्कार केला. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने संगीत शिकावे, वाणिज्याच्या विद्यार्थ्याने तत्त्वज्ञान वाचावे, पदवी चार वर्षांची असावी, असे त्यात सांगितले आहे. परंतु ‘लिबरल आर्ट्‌स’ या नावाने देशात जी खाजगी विद्यापीठे गेल्या दहापंधरा वर्षांत नावारूपास आली, त्यांचे वर्षाचे शुल्क काही लाखांच्या घरात आहे. म्हणजे धोरणाने ज्या शिक्षणाला सर्वांचे शिक्षण म्हटले, ते बाजारात आले तेव्हा थोड्यांचेच राहिले. अशा वेळी एक प्रश्न विचारणे अवश्य ठरते. केवळ गरीब मुलांनाच प्रवेश देणारे, त्यांच्याकडून शिकवण्याचे शुल्क न घेणारे, आणि तरीही त्यांना इतिहास-तत्त्वज्ञान-भौतिकशास्त्राचे उत्तम शिक्षण देणारे कॉलेज चालू शकते काय? असे कॉलेज आहे, आणि ते सव्वाशे वर्षांहून अधिक काळ याच रीतीने चालत आले आहे. अमेरिकेच्या केंटकी राज्यातील बेरिया कॉलेज हे त्याचे नाव. त्याचा जमाखर्च मराठी वाचकाने समजून घेण्यासारखा आहे.

डोंगराच्या पायथ्याशी

अ‍ॅपलेशियन पर्वतराजीच्या पायथ्याशी, लेक्झिंग्टन शहराच्या दक्षिणेस बेरिया हे लहानसे गाव आहे. जॉन फी नावाच्या एका धर्मोपदेशकाने १८५५ साली तेथे एका खोलीची शाळा काढली. फी हे गुलामगिरीचे कट्टर विरोधक होते, आणि केंटकी हे तर गुलाम बाळगणारे राज्य. सर्व माणसे एकाच रक्ताची आहेत, या अर्थाचे बायबलमधील वचन फी यांनी प्रमाण मानले होते. पुढे तेच कॉलेजचे ब्रीद झाले. १८५९ साली जॉन ब्राउन यांनी हार्पर्स फेरी येथील शस्त्रागारावर छापा घातल्यानंतर दक्षिणेत भीतीचे वातावरण पसरले. गुलामांच्या मालकांनी सशस्त्र जमावानिशी येऊन बेरियाच्या शिक्षकांना सहकुटुंब राज्याबाहेर हाकलून दिले. यादवी युद्ध संपल्यावर ही मंडळी परतली. १८६६-६७ या वर्षी शाळेत १८७ विद्यार्थी होते. त्यांपैकी ९६ कृष्णवर्णीय आणि ९१ गोरे. मुले आणि मुली एकाच वर्गात बसत. ज्या प्रदेशात दोनच वर्षांपूर्वीपर्यंत माणसांची विक्री कायदेशीर होती, तेथे काल गुलाम असलेल्याचा मुलगा आणि गोऱ्या शेतकऱ्याची मुलगी एकाच बाकाच्या ओळीत बसून व्याकरण शिकत होती, ही सामान्य गोष्ट नव्हे.

बेरियाने पहिल्या पदव्या दिल्या त्या १८७३ साली. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुले यांची ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाली, आणि गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांस जोतीरावांनी ती अर्पण केली. बेरियाची वार्ता जोतीरावांच्या कानी गेली असेल असे मानण्यास आधार नाही. परंतु ज्या लोकांविषयी त्यांना आदर वाटत होता, ते लोक त्या वर्षी नेमके काय करीत होते याचे एक उत्तर केंटकीतील या डोंगराळ गावात मिळते. ते शाळा चालवीत होते.

ही कथा सरळ रेषेत पुढे गेली नाही. १९०४ साली केंटकीच्या विधिमंडळाने ‘डे कायदा’ संमत केला आणि गोऱ्या व कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना एका संस्थेत शिकवणे हा गुन्हा ठरवला. राज्यात अशी मिश्र संस्था बेरिया हीच होती. कायद्याचा रोख उघड होता. कॉलेज न्यायालयात गेले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ साली कायदा उचलून धरला. मूळचे केंटकीचेच असलेले न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन यांनी आपले भिन्न मत नोंदवले, पण निकाल बदलला नाही. कॉलेजने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी लुईव्हिलजवळ लिंकन इन्स्टिट्यूट ही वेगळी संस्था उभारली आणि स्वतः मात्र गोऱ्यांचे कॉलेज होऊन बसले. १९५० साली कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हाच ही भिंत पडली. येथे हेही नमूद केले पाहिजे की १८९२ पासून अध्यक्षपदी असलेल्या विल्यम फ्रॉस्ट यांच्या कारकीर्दीत कॉलेजचा ओढा डोंगरातील गरीब गोऱ्यांकडे वळला होता आणि कायदा होण्यापूर्वीच कृष्णवर्णीयांचे प्रमाण घटू लागले होते. चांगल्या संस्थांच्या इतिहासातही अशी पाने असतात. ती फाडून टाकण्याने संस्था मोठी होत नाही.

दहा तासांचे काम

आजच्या बेरियात सुमारे दीड हजार विद्यार्थी आहेत. प्रवेशाची पहिली अट गुणवत्तेची आणि दुसरी गरजेची. ज्या कुटुंबाला शुल्क भरणे सहज परवडेल त्याच्या मुलाला येथे जागा नसते. अमेरिकेतील नामांकित कॉलेजांच्या रीतीच्या हे नेमके उलट आहे. बहुसंख्य विद्यार्थी केंटकी व अ‍ॅपलेशियन डोंगराळ मुलुखातले असतात; थोडे परदेशांतूनही येतात. १८९२ पासून एकाही विद्यार्थ्याने शिकवण्याचे शुल्क भरलेले नाही. वसतिगृह व भोजन यांचा खर्च ऐपतीप्रमाणे काही अंशी द्यावा लागतो आणि बाकीचा शिष्यवृत्त्यांतून भागतो.

या सवलतीच्या जोडीला एक नियम आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने आठवड्याला किमान दहा तास कॉलेजचे काम केले पाहिजे. कोणी कॉलेजच्या शेतावर गुरांचे पाहतो, कोणी हातमागावर विणतो, कोणी केरसुण्या बांधतो. कोणी ग्रंथालयात पुस्तके लावतो, कोणी प्रयोगशाळेत प्राध्यापकाचा मदतनीस असतो, कोणी कचेरीत हिशेब लिहितो. १९०९ साली सुरू झालेल्या ‘बून टॅव्हर्न’ या कॉलेजच्या हॉटेलात पाहुण्यांच्या सरबराईचे काम विद्यार्थीच करीत आले आहेत. पहिल्या वर्षी जे काम वाट्याला येईल ते करावयाचे. पुढे अनुभव वाढेल तशी जबाबदारी वाढते आणि अभ्यासविषयाशी जुळणारे काम मिळू शकते. मोबदला माफक असतो. मात्र कामाचे मूल्यमापन होते, आणि पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्याच्या हाती गुणपत्रिकेबरोबर केलेल्या कामाचीही नोंदपत्रिका असते. कामात कुचराई करणारा विद्यार्थी वर्गात पहिला आला तरी कॉलेजात टिकू शकत नाही.

या व्यवस्थेतील खरी मेख ‘प्रत्येक’ या एका शब्दात आहे. कॉलेजचा जिना झाडणाऱ्या मुलीकडे कोणी खालच्या नजरेने पाहत नाही, कारण पाहणाराही तासाभराने स्वयंपाकघरात भांडी विसळणार असतो. श्रमाची प्रतिष्ठा व्याख्यानांनी वाढत नाही. ज्या समाजात काही माणसेच श्रम करतात तेथे ती कमी राहते, आणि जेथे सर्वच करतात तेथे तिचा प्रश्नच उद्भवत नाही.

विद्यार्थिजीवन म्हणजे केवळ काम आणि वर्ग असे मात्र नव्हे. शरद ऋतूत एक दिवस सर्व वर्ग बंद ठेवून अवघे कॉलेज जवळच्या डोंगरावर चढते. ‘माउंटन डे’ ही प्रथा एकोणिसाव्या शतकापासून चालू असून कित्येक विद्यार्थी सूर्योदय पाहण्यासाठी अंधारातच वाट धरतात. व्याख्याने, संगीताचे व नाटकाचे कार्यक्रम यांना ठराविक संख्येने उपस्थित राहणे हाही अभ्यासक्रमाचाच भाग मानला जातो. पदरी मूल असलेल्या विद्यार्थ्यांना कुटुंबासह राहता यावे म्हणून कॉलेजने स्वतंत्र वसाहत बांधली आहे. एकट्याने मूल वाढवणारी तरुण आई तेथे राहून पदवी घेऊ शकते. आपल्याकडे लग्न होताच मुलीचे कॉलेज सुटते आणि मूल झाल्यावर तर त्याचा विषयही निघत नाही. त्या दृष्टीने ही सोय लहान दिसली तरी फार मोठी आहे.

आणि या शिक्षणाचे फळ काय? वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळशाच्या खाणींत राबून मोठ्या वयात शाळेत गेलेले कार्टर वुडसन यांनी १९०३ साली, म्हणजे डे कायद्याच्या आदल्याच वर्षी, बेरियाची पदवी घेतली. त्यांचे आईवडील गुलामीत जन्मलेले होते. वुडसन यांनी १९१२ साली हार्वर्डची डॉक्टरेट मिळवली, आणि १९२६ साली त्यांनी सुरू केलेल्या इतिहास-सप्ताहातून पुढे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना पाळण्याची प्रथा रूढ झाली. केंटकीतील हार्लन परगण्याच्या खाणमुलुखात वाढलेल्या ज्वानिटा क्रेप्स १९४२ साली येथून पदवीधर झाल्या. स्त्रियांच्या श्रमाचे अर्थशास्त्र हा त्यांचा व्यासंगाचा विषय. १९७७ साली अध्यक्ष कार्टर यांनी त्यांना वाणिज्यमंत्री नेमले; त्या पदावर आलेल्या त्या पहिल्या स्त्री. १९३७ चे पदवीधर जॉन फेन यांना २००२ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. इतिहासकार, अर्थशास्त्रज्ञ आणि रसायनशास्त्रज्ञ अशी ही तीन माणसे. त्यांच्यापैकी कोणालाही ‘लवकर चार पैसे मिळतील असे काहीतरी शीक’ असे सांगून कॉलेजने वाटेला लावले नाही.

पैसा येतो कोठून?

अर्थशास्त्रात फुकट असे काही नसते. कोणीतरी पैसे भरतेच. भरणारा दिसत नाही एवढेच. बेरियाविषयी अनेकांचा असा समज असतो की मुले काम करतात आणि त्या कामातून शुल्क वळते होते. साधा गुणाकार केला तरी हा समज टिकत नाही. आठवड्याला दहा तास आणि वर्षाला तीस आठवडे धरले तर एका विद्यार्थ्याचे काम तीनशे तासांचे होते. अमेरिकेचे संघराज्यीय किमान वेतन २००९ पासून ताशी ७.२५ डॉलर आहे. त्या दराने या श्रमाचे मोल वर्षाला सुमारे २,२०० डॉलर भरते. अमेरिकेतील चांगल्या निवासी कॉलेजात एका विद्यार्थ्यावर होणारा वर्षाचा खर्च याच्या कित्येक पट असतो. तेव्हा श्रमाने शिक्षण शिस्तीचे होत असेल, फुकट होत नाही.

फुकट होते ते साठवलेल्या भांडवलामुळे. १९२० साली कॉलेजच्या विश्वस्तांनी एक निर्णय घेतला : मृत्युपत्राने येणाऱ्या देणग्यांवर दात्याने विशिष्ट कामाची अट घातली नसेल तर ती रक्कम चालू खर्चात न घालता कायम निधीत टाकावयाची. त्या वेळी इमारती अपुऱ्या होत्या, शिक्षकांचे पगार तुटपुंजे होते. आलेला पैसा लगेच खर्च करण्याचा मोह किती असेल याची कल्पना संस्था चालवणाऱ्यांनाच येईल. विश्वस्तांनी तो आवरला. शंभर वर्षांच्या चक्रवाढीने हा निधी आज एक अब्ज डॉलरच्या पुढे गेला आहे. हिशेबासाठी एकच अब्ज धरले तरी दीड हजार विद्यार्थ्यांमागे दरडोई साडेसहा लाख डॉलरहून अधिक भांडवल उभे आहे. त्यावर शेकडा पाच उत्पन्न खर्चायचे म्हटले तर प्रत्येक विद्यार्थ्यासाठी वर्षाला तेहतीस हजार डॉलर हाती येतात. कॉलेजच्या खर्चाचा मोठा भाग याच उत्पन्नातून भागतो. उरलेल्यासाठी दाते आणि सरकारी शिष्यवृत्त्या असतात.

या व्यवस्थेला तिचे धोके आहेतच. निधी रोखेबाजारात गुंतवलेला असल्याने बाजाराच्या चढउताराशी गरीब मुलांचे शिक्षण बांधले जाते. २००८ च्या वित्तीय अरिष्टात निधीचे मूल्य बरेच घसरले आणि कॉलेजला खर्चाला कात्री लावावी लागली. दुसरा धोका राजकीय. अमेरिकी काँग्रेसने २०१७ च्या करविषयक कायद्यात श्रीमंत खाजगी विद्यापीठांच्या निधीच्या उत्पन्नावर १.४ टक्के कर बसवला. निधी भागिले विद्यार्थी हे माप लावल्यामुळे, शुल्कच न घेणारे बेरियाही त्या जाळ्यात सापडले. पुढच्याच वर्षी शुल्क भरणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या मोजावी अशी दुरुस्ती करून त्याला वगळण्यात आले. केंटकीचे सिनेटर मिच मॅकॉनेल त्या वेळी सिनेटमधील बहुमताचे नेते होते, म्हणून हे झटपट घडले असे म्हणावयास हरकत नाही. श्रीमंत संस्था आणि गरिबांसाठी श्रीमंत झालेली संस्था यांतला फरक कायद्याच्या मापाला आपोआप कळत नाही, हा त्यातला धडा.

शुल्क माफ झाले, तरीही

आता या कथेतील सर्वांत अवघड भाग. राल्फ आणि टॉड स्टाइनब्रिकनर या दोन संशोधकांनी बेरियाच्या विद्यार्थ्यांचा अनेक वर्षे बारकाईने अभ्यास केला. शुल्काची अडचण जेथे दूर झालेली आहे तेथे मुले शिक्षण अर्धवट सोडतात काय, आणि सोडली तर का, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर अस्वस्थ करणारे निघाले. शुल्क नसतानाही पुष्कळ मुले गळत होती. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष असा की काहींच्या बाबतीत पैशाची चणचण महत्त्वाची असली, तरी गळतीचा बराच मोठा भाग अन्य कारणांनी होतो. आपल्याला हा अभ्यास झेपेल की नाही याविषयीचा अंदाज मुले पहिल्या एकदोन सत्रांतील गुणांवरून बदलतात, आणि तो खाली आला की घरची वाट धरतात. याच संशोधकांनी २००३ साली दाखवून दिले होते की कामाचे तास वाढले की गुण घसरतात. म्हणजे काम चारित्र्य घडवते हे खरे मानले तरी त्याला मर्यादा आहे. दिवसाचे तास चोवीसच.

महाराष्ट्रातील वाचकाने हा निष्कर्ष नीट लक्षात ठेवावा. आपल्याकडे उच्चशिक्षणाच्या प्रश्नाची चर्चा शुल्कमाफीपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. आर्थिकदृष्ट्या मागासांना शुल्कमाफी देण्याचा जो निर्णय यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना झाला, त्याने खेड्यापाड्यांतील मुलांना कॉलेजचे दार उघडले, याबद्दल दुमत नाही. २०२४ साली राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ केले, तेही स्वागतार्हच. परंतु कला शाखेच्या अनुदानित कॉलेजात शुल्क मुळातच थोडे असते. मुलाला कॉलेजपासून तोडतात ते एसटीचे भाडे, खोलीचे भाडे, खाणावळीचे पैसे, घरी बुडणारी मजुरी. आणि पहिल्या परीक्षेत नापास झाल्यावर ‘हे आपले काम नव्हे’ असे जे मनात येते ते. त्या क्षणी त्याच्याशी बोलणारे कोणी नसते. एका वर्गात शंभरसव्वाशे मुले आणि शिकवणारा तासिका तत्त्वावरचा शिक्षक. त्याला स्वतःच्या पुढच्या सत्राची खात्री नाही, तो मुलाला कसला धीर देणार? शुल्कमाफी हे दार झाले. आत आलेल्याला बसायला जागा आणि बोलायला माणूस लागतो.

साताऱ्याचा वड

श्रम आणि शिक्षण यांची सांगड ही काही महाराष्ट्राने केंटकीकडून शिकण्याची गोष्ट नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. १९२७ साली गांधीजींनी त्याला भेट दिली. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एका पंगतीत जेवत आणि स्वयंपाकपाण्यापासून शेतीपर्यंत सर्व कामे स्वतः करीत. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे वाक्य संस्थेच्या बोधचिन्हातील वडाच्या झाडाइतकेच महाराष्ट्राला परिचित आहे. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले तेव्हा ‘कमवा आणि शिका’ ही कल्पना पदवीच्या पातळीवर आली. बेरियाला उत्तरेकडील धनिकांच्या मृत्युपत्रांनी तारले. रयतेला लक्ष्मीबाईंच्या मंगळसूत्राने आणि घराघरातून गोळा केलेल्या मूठमूठ धान्याने. भांडवलाच्या दृष्टीने दोहोंची तुलना होणे नाही. कल्पनेच्या दृष्टीने मात्र साताऱ्याने कोणाकडून उसने घेण्याचे कारण नव्हते.

प्रश्न आहे तो त्या कल्पनेचे पुढे काय झाले हा. ‘कमवा आणि शिका’ योजना आज अनेक विद्यापीठांत व कॉलेजांत चालते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात तर ती कर्मवीरांच्याच नावाने चालते, आणि तिच्यावर शिकून पुढे आलेली माणसे शिक्षणात व सरकारी नोकरीत पुष्कळ आहेत. परंतु योजनेत नाव घालतो तो गरीब विद्यार्थीच. सकाळी बागेतले गवत काढणारा, ग्रंथालयातली धूळ झटकणारा मुलगा दहा वाजता वर्गात येतो तेव्हा शेजारी बसलेल्याने कधी झाडू हाती धरलेला नसतो. गवत काढताना वर्गातली मुलगी समोरून गेली तर तो मान खाली घालतो. हे त्याच्या स्वभावाचे दौर्बल्य नव्हे. सर्वांचा नियम होता तो काहींची सवलत झाला, आणि सवलत म्हटली की तिला ओशाळेपण चिकटतेच. कर्मवीरांच्या वसतिगृहात श्रम हा सर्वांचा धर्म होता. आजच्या योजनेत तो गरिबीचा दाखला झाला आहे.

काय करता येईल?

यावर एक आक्षेप साहजिकच येईल. दीड हजार विद्यार्थी आणि अब्ज डॉलर यांचा हिशेब लक्षावधी विद्यार्थी असलेल्या महाराष्ट्राला काय उपयोगाचा? खुद्द अमेरिकेतही सर्व विद्यार्थ्यांना काम सक्तीचे करणारी कॉलेजे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. आक्षेप खरा आहे. बेरियाचे अनुकरण शक्य नाही, आणि कोणी तसे म्हणूही नये. परंतु त्यातील तीन गोष्टींना फारसा पैसा लागत नाही.

पहिली गोष्ट, काम सर्वांना असावे. अनुदानित कॉलेजातील प्रत्येक विद्यार्थ्याने, मग तो डॉक्टरचा मुलगा असो की ऊसतोड मजुराचा, आठवड्यातून तीनचार तास ग्रंथालय, प्रयोगशाळा, आवार किंवा कचेरी यांत काम करावे आणि त्याची नोंद पदवीबरोबर मिळावी. ज्यांना पैशाची गरज आहे त्यांना अधिक तास व त्याचा मोबदला मिळावा. परंतु परीक्षेच्या मुळावर येतील इतके तास कोणालाही देऊ नयेत. नव्या अभ्यासक्रमात निरनिराळ्या उपक्रमांना श्रेयांक देण्याची सोय झालेलीच आहे. प्रमाणपत्रांच्या फायली भरण्यापेक्षा ती सोय या कामी लावणे अधिक शहाणपणाचे.

दुसरी गोष्ट, प्रत्येक कॉलेजने कायम निधी सुरू करावा, तो कितीही लहान असो. साठसत्तर वर्षांचे वय झालेली कॉलेजे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. त्यांचे माजी विद्यार्थी शिक्षक, वकील, अभियंते, व्यापारी म्हणून स्थिरावले आहेत. सुवर्णमहोत्सवाला ते येतात, सत्कार होतात, कमानीसाठी देणगी मिळते आणि कमानीवर नाव कोरले जाते. कमान व्याज देत नाही. त्याच रकमेच्या व्याजातून दरवर्षी दहा मुलांच्या खाणावळीचे पैसे भागू शकतात, आणि ते कायमचे. १९२० साली बेरियाच्या विश्वस्तांनी दाखवलेला संयम हा डॉलरांचा गुण नव्हता.

तिसरी गोष्ट, पहिल्या सत्रात डळमळलेल्या मुलाची दखल घेणारा कायम स्वरूपाचा शिक्षक. यासाठी मात्र सरकारने रिक्त जागा भरल्या पाहिजेत. त्याला पर्याय नाही. शुल्क माफ करून शिक्षक न नेमणे म्हणजे तिकीट फुकट देऊन गाडीच न सोडण्यासारखे आहे.

हे काही न करता उदार शिक्षणाची भाषा चालू ठेवली तर त्याचा परिणाम उघड आहे. ज्यांना लाखाचे शुल्क परवडते त्यांची मुले तत्त्वज्ञान आणि इतिहास शिकतील, आणि विचार करणे, प्रश्न विचारणे, राज्य चालवणे ही कामे त्यांच्याचकडे राहतील. बाकीच्यांची मुले कौशल्ये शिकतील आणि सांगितलेले काम करतील. डोंगरातल्या गरिबांच्या बाबतीत बेरियाने आणि बहुजनांच्या बाबतीत कर्मवीरांनी ही वाटणी मान्य केली नाही. शेतमजुराच्या मुलाच्या हाती त्यांनी खुरपे दिले, आणि दुसऱ्या हाती ग्रंथही दिला.

जूनमध्ये कचेरीत उभा राहणारा तो बाप ‘आर्ट्‌सला घातले तर पुढे काय?’ असे विचारतो तेव्हा तो अडाण्यासारखे काही विचारत नसतो. मुलाच्या आयुष्याची तीनचार वर्षे आणि घरची तेवढी मजुरी तो गुंतवणार असतो, आणि गुंतवणूक करणाऱ्याला परताव्याचा प्रश्न विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. त्याला उत्तर देताना आवाज खाली येऊ नये, एवढे तरी कॉलेजांनी आणि सरकारने आपापल्या परीने केले पाहिजे.